लाल कमरेची, पिवळी गुडघ्याची

पहिली काठी एतवा लोहारच्या खांद्यावर बसली, दुसरी तोंडावर. चहाबागेच्या दवाखान्यातला हा म्हातारा कंपाउंडर कपाटावर आपटला आणि काचांसकट खाली आला. मारणारा लोदरो. त्याची बायको सुकुरमनी बाहेर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रक्ताच्या उलट्या करत होती.

"तुझ्या गोळीनं झालं हे! विष घातलंस माझ्या बाईला!"

"मार. पण आधी सांग," एतवा दात थुंकत म्हणाला, "माझ्या गोळीबरोबर आणखी काय खायची ती? शहरातला डॉक्टर पहिलं हेच विचारणार."

"वर तोंड करून विचारतोय बघा! हाणा त्याला!" मागून सरदार ओरडला. पानं खुडणाऱ्या बायकांवरचा हा मुकादम एरवी दवाखान्याकडे फिरकत नसे. आज सगळ्यांच्या पुढे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

बरगडीत लाथ बसली. एतवाने लोदरोचा पाय धरला तो सोडेचना. "लोदरो, मरेल रे ती. निदान रंग तरी सांग!"

सुकुरमनीची जाऊ झरियो गर्दीतून आत घुसली. "लाल, बाबू! सरदार देतो ती, कमर दुखली तरी खुडणं थांबू नये म्हणून. लाल कमरेची, पिवळी तुमची, गुडघ्याची. पहाटे दोन्ही खातो आम्ही सगळ्या, मिठाच्या चहाबरोबर. पोटात अन्न गेलं की गोळी लागू पडत नाही, म्हणतो हा."

लोदरो गर्रकन वळला. सरदाराचं कपाळ फुटलं, शर्टाचा खिसा फाटून लाल गोळ्यांचं पाकीट जमिनीवर पडलं. मग सगळेच त्याच्यावर तुटून पडले. एतवाने सरपटत जाऊन पाकीट उचललं आणि वाचलं.

"रंग निराळा, औषध तेच," तो म्हणाला. "दुप्पट खात होती ती. तेही रिकाम्या पोटी. पोट आतून फाडतं हे."

"मग बोलला का नाहीत कधी?" झरियो किंचाळली. "बावीस वर्षं गोळ्या देताय!"

रांग मोठी म्हणून एतवा गोळ्या सुट्या करून हातावर ठेवायचा, 'सकाळ-संध्याकाळ' म्हणायचा आणि पुढचीला हाक मारायचा. या बायकांना सांगून काय कळणार, असंच त्याला वाटत आलं होतं. माराहून ही लाज त्याला जास्त लागली.

त्याने शहरातल्या डॉक्टरला चिठ्ठी लिहिली आणि झरियोबरोबर ट्रॅक्टर पिटाळला. सुकुरमनी शहरापर्यंत पोचली नाही.

पाचव्या दिवशी दवाखाना उघडला. एतवा एकेकीला पाकीट दाखवून औषधाचं नाव सांगू लागला. पुढचे दात गेलेले, शब्द नुसते फुसफुसत.

"पुन्हा सांगा, बाबू," बायका म्हणत. तो पुन्हा सांगे. कोणी घाई करत नव्हतं.

शेवटी लोदरो उभा राहिला. मारताना त्याचं स्वतःचं मनगट मोडलं होतं, हात टम्म सुजला होता.

"काय खाल्लंस?" एतवाने विचारलं.

"काही नाही. चूल पेटवली नाही त्या दिवसापासून."

एतवाने आपला डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला आणि तो डाव्या हाताने भात संपवेपर्यंत गोळी घेऊन समोर बसून राहिला.