सरडोबाची झोप

“आई, आता सरडोबाला खायला द्यायचं न्हाई. पोट रिकामं झाल्याबिगर झोपला तर खाल्लेलं आतल्या आत सडतंय,” तनुजा नांदेडहून फोनवर सांगत होती.

“अगं, मग उपाशी मारू का जनावराला?”

“मरत न्हाई. थंडीभर झोपतंय. पोट साफ झालं की त्याच्या काचेच्या पेटीतला उबेचा दिवा बंद कर, वर चादर टाक, पाणी ठेव. अन् सारखं हलवून बघू नको.”

माझी पोरगी नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात डॉक्टरकी शिकते. इथं लातुरात क्लास करताना मैत्रिणीकडून हा दाढीवाला सरडा आणला, आणि होस्टेलवर चालत नाही म्हणून माझ्या गळ्यात बांधला. शेजारची नीलम्मा हसायची, “केवळाबाई, जावयाआधी सरडा आला की घरात.” मला तर आधी त्याची किळसच यायची. पण त्याच्यापायी रोज संध्याकाळी तनुजाचा फोन यायचा. सरडोबानं किडे खाल्ले का, शी केली का. मग दोन शब्द माझ्याही वाट्याला यायचे. मालक गेल्यापासून घरात बोलायला भिंतीच; त्या दोन शब्दांवर माझा दिवस निघायचा.

सरडोबा झोपला आणि फोन थांबला. विचारायला काही उरलंच नव्हतं ना. आठवडाभर वाट बघून मीच केला, तर म्हणाली, “आई, प्रॅक्टिकल चालू हाय. जाग आली की कळव.” जाग त्याला. मला मेलीला झोपच कुठं होती.

एका दुपारी राहवलं नाही. चादर काढली. दिव्याचं बटण हाताशीच होतं. थोडी ऊब दिली की त्यानं डोळे उघडले असते, आणि संध्याकाळी फोन वाजला असता. पण मधेच उठवला तर अशक्त होतो, दगावतोसुद्धा, असं तिनंच बजावलं होतं. हात मागं घेतला. नुसतं पाणी बदललं. “झोप बाबा,” म्हटलं, “तुझं बरं आहे.”

फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं आणि तो आपला आपण उठला. मी लगेच कळवलं. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करते म्हणाली. मी वेणी घातली, ठेवणीतली साडी नेसले आणि फोन आला तसा तोंडासमोर धरला.

“आई, तुझंच तोंड दिसतंय. पेटीकडं धर की.”

धरला. ती त्याच्याशी लाडेलाडे बोलत राहिली, आणि हात अवघडला तरी मी फोन हलू दिला नाही.