रोचनाचं बारसं

आमच्या ह्यांनी, म्हणजे उपेंद्ररावांनी, धंद्याचं चक्क बारसं केलं. मेतकूट माझं. डाळी भाजायची मी, सातपूरच्या गाळ्यात बायकांना हाताला धरून शिकवलं मी. पण नाव ठेवायचा मान घराण्याचा. मोठे दीर पंचवटीत यात्रेकरूंची पूजा सांगतात. त्यांनी गाळा उघडल्याच्या वेळेवरून धंद्याची पत्रिका मांडली, ‘रो’ हे अक्षर काढलं आणि ताटातल्या तांदळांवर सोन्याच्या अंगठीने ‘रोचना’ लिहिलं. पेढेसुद्धा वाटले.

ही २००४ सालची गोष्ट. इंग्लंडात लेस्टरच्या एका दुकानदाराने माल मागवला होता. माझं मेतकूट माझ्या डब्यातून तिकडे जाणार म्हणून मी हरखून गेले होते. ओळखीच्या शुभांगी वकिलांनी बजावलं, “हे नाव आधी कुणी नोंदवलंय का, ते मुंबईच्या ट्रेडमार्क ऑफिसात बघा. आणि इंग्लंडातही बघा. इथलं तिथे चालत नाही.”

मुंबईला ह्यांनी नाक मुरडत चौकशी केली. नाव मोकळं निघालं. मग काय, छाती फुगली.

“तिकडचंही बघू या ना,” मी म्हटलं.

“अगं, पंचांगात ज्या नावाला दोष नाही, त्याला विलायतेत कोण दोष काढणार?”

बँकेत उभा जन्म लोकांचे कागद तपासण्यात गेलेला हा माणूस. अक्कल कुठे गहाण ठेवली होती, देव जाणे.

माल पोचला आणि दुकानदाराचा फोन आला. रोचना नावाने तिथे एक कंपनी मसाले विकत होती, नाव रीतसर नोंदवलेलं. तिच्या वकिलाची नोटीस होती, एकही डबा विकायचा नाही.

“नाव बदला,” मी म्हटलं.

“बारसं झाल्यावर नाव बदलत नसतात, लतिका,” दीर म्हणाले. ह्यांनी नंदीबैलासारखी मान डोलावली.

मी माहेरची मालन. लग्नात मला लतिका केलं, तेव्हा तांदळाचं ताट ह्याच दिरांनी पुढे केलं होतं. ते मी त्यांना तोंडावर ऐकवलं. दीर पंचांग चाळत बसले.

शेवटी त्या कंपनीनेच तोड काढली. तुमचं मेतकूट आम्ही घेऊ, कायमचं घेऊ, पण आमच्या डब्यात भरून, आमचं म्हणून. मला न विचारताच ह्यांनी होकार कळवला.

“नाव रोचनाच राहिलं ना?” हे मला म्हणाले. “दादांचं अक्षर खोटं ठरलं का?”

तीन वर्षांनी नणंदेची मृण्मयी लेस्टरहून आली. तिने माझ्यासाठी हौसेने रोचना मेतकुटाचा एक डबा आणला होता. त्यावर नऊवारी नेसलेल्या, माझ्या ओळखीच्या नसलेल्या एका बाईचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या आजीची कृती’.

मी चिमूटभर तोंडात टाकलं. मीच भाजलेल्या डाळींची चव होती.

“छान आहे ना, मामी?” मृण्मयी म्हणाली. “तूही शिकून घे.”