गुलाबची तीन खिळ्यांची झांज

मी एक जुनी झांज आहे, मित्रांनो. भजनात जोडीने किणकिणते ती नव्हे. मी एकटी, परातीएवढी, लोखंडी दांड्यावर आडवी बसणारी. अंग काळपट, मधोमध घुमट आणि काठाजवळ तीन सैल खिळे. आज माझ्या पोटात आनंद मावत नाही, त्यामुळे बोलता बोलता आवाज चढला तर रागावू नका. झांजेला कुजबुजता येत नाही!

माझा जन्म भंडाऱ्यातला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी जवाहरनगरच्या कारखान्यात कामाला असलेला गुलाब मेश्राम नावाचा तरुण पिशवीभर फुटकी कांस्याची ताटे घेऊन वासुदेवराव कासारांकडे आला.

"काय करू याचं? ताट का वाटी?" त्यांनी विचारले.

"वाजवाची वस्तू करा भाऊ. काठावर पापडावानी पातळ पायजे."

"कांसं आहे हे, उडदाचं पीठ नोहोय! तडकलं तं मले बोल लावू नको."

तीनदा मी तडकले. चौथ्यांदा मात्र भट्टीतून लालबुंद निघाले आणि हातोडीखाली धड राहिले. गुलाबने मला बोटावर तोलून टिचकी मारली. मी अशी काही गायले की वासुदेवराव हातातली हातोडी खाली ठेवायला विसरले.

आता हे वेड त्याच्या डोक्यात शिरले कुठून? एकदा कारखान्याच्या क्लबात नागपूरहून जॅझ वाजवणारी मंडळी आली होती. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी सोसता सोसता, मान ताठ ठेवून उभे केलेले संगीत. त्यांचा वादक ढोल नुसता बडवत नव्हता. तो ताल झांजेवर खेळवत होता. एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. गुलाब खुर्चीतून उठूनच उभा राहिला. हा तर त्याच्या मायच्या सुपाचा ठेका! तुळसामाय धान पाखडायची तेव्हा आधी एक लांब हेलकावा यायचा आणि मागून दोन छोट्या थापा. गुलाबने त्याच दिवशी जॅझची आणि सुपाची सोयरीक जुळवून टाकली. सुपातले दाणे सळसळतात तशी सळसळ हवी म्हणून त्याने माझ्या काठाला तीन भोके पाडून सैल खिळे अडकवले. दुखले थोडे, पण नंतर माझी मीच माझ्यावर खूश झाले.

लोक मात्र हसले. "काहून बे, ढोल सोडून ताटली बडवून राहिला?" चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गुलाबने मला मांडले. आधी गाणाऱ्यांना ढोलावर मात करायला ओरडावे लागे. आता ढोल अदबीने मागे राहिला, मी वरून सळसळत गेले आणि गाण्याचा शब्द न् शब्द टोकापर्यंत ऐकू आला. चालणारी मिरवणूक डुलू लागली! मग काय, सिहोऱ्याची, आंधळगावची माणसे शिकायला येऊ लागली. गुलाब सगळ्यांना शिकवी. म्हणे, "ठेका का कोनाच्या सातबाऱ्यावर चढला हाय? घेऊन जा!"

दिवस सारखे राहत नाहीत, मित्रांनो. बटण दाबले की वाजणारी यंत्रे आली. गुलाब निवृत्त झाला आणि सहा वर्षांपूर्वी गेलाही. मी तांदळाच्या पिंपावर झाकण झाले. तांदळाचा वास छान असतो, तक्रार नाही. पण सहा वर्षे गप्प बसणे म्हणजे काय ते एखाद्या झांजेलाच विचारा.

गेल्या महिन्यात गुलाबच्या बायकोला, रत्नमालाबाईंना, एक गोष्ट लागली. पत्ता विचारत आलेल्या पाहुण्याला गल्लीतल्या पोरांनी म्हटले होते, "कोन गुलाब?" त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. मग त्यांनी ठरवले, विहाराला मोठे पातेले दान द्यायचे आणि त्यावर कोरून घ्यायचे, 'कालकथित गुलाब मेश्राम यांच्या स्मरणार्थ'. आपल्याकडे रीतच आहे, जुनी मोड द्यायची आणि नवे भांडे घ्यायचे. मोड म्हणून त्यांनी मलाच उचलले! त्याचे नाव जगावे म्हणून त्याचा आवाज वितळवायला निघाल्या होत्या. त्यांची माया खरी होती, म्हणून तर मला जास्त भीती वाटली. मायेने चूक करणाऱ्याला अडवणार कोण?

दुकानात वासुदेवरावांचा मुलगा वीरेंद्र होता. म्हातारे वासुदेवराव कोपऱ्यात डुलक्या घेत होते. मी तराजूच्या पारड्यात मावेना, तेव्हा वीरेंद्रने माझे दोन तुकडे करायला घण उचलला. संपले सगळे, असे मी मनाशी म्हटले.

तेवढ्यात गल्लीत वरातीचे धुमाल पथक वाजत आले. गाडीवर ढोल, ताशे आणि त्यांच्यावरून, ऐका हो ऐका, एक लांब, दोन आखूड!

"थांब!" रत्नमालाबाई ओरडल्या. "हे तं ह्यायचं वाजवनं हाय!"

त्यांनी मला छातीशी धरले आणि भर उन्हात धावत सुटल्या. गाडीवर टीना नावाची आंधळगावची तरुणी एका पातळ पत्र्याच्या झांजेवर तो ठेका धरून होती.

"बाई, कोनं शिकवलं वो तुले हे?"

"आमच्या सरनं, आजी. त्यायले सिहोऱ्याच्या एका बुढ्यानं. आमच्याकडं सारेच वाजवते. सुपाचा ठेका म्हन्तो आमी याले."

"अन् गुलाब मेश्राम मालूम हाय का?"

"नाही जी."

रत्नमालाबाई हसल्या आणि रडल्याही, दोन्ही एकदम. "नाव नाही राहिलं, पर हात राहिला त्यायचा," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मला वर सरकवले. "हे घे. यावर वाजव."

टीनाची काठी पडली. सहा वर्षांनी! खिळे थरारले, वरात थबकली, नवरदेवाचा घोडा कान टवकारून उभा राहिला. दुकानाच्या पायरीवर वासुदेवराव काठी टेकत आले होते. "माही झांज!" ते म्हणाले. "चौथी. न तडकलेली." मग त्यांनी, वाजवणाऱ्याच्या काठीचा मार लागत नाही अशा घुमटावर, गुलाबचे नाव स्वतः कोरले. पातेले पुढच्या वर्षी घेऊ, असे ठरले.

म्हणून मित्रांनो, जुनी वस्तू मोडीत घालण्याआधी तिला एकदा टिचकी मारून ऐका. आणि ज्याच्याकडून शिकलात त्याचे नाव पुढच्याला सांगायला कंजुषी करू नका. नाव आणि हात एकत्र राहिले तर माणूस कुठे जातो?

आज चौदा एप्रिल आहे. मी ट्रॉलीवर आहे. समोर निळे झेंडे आहेत आणि पहिल्या रांगेत रत्नमालाबाई. आंधळगावहून खास आलेली टीना माइकवर सांगते आहे, "हा ठेका गुलाब मेश्राम यायचा!" गल्लीतली तीच पोरे टाळ्या पिटत आहेत. बघा, तिने काठी उचलली.

एक लांब, दोन आखूड!