बिनधुराचे निखारे

तांड्यात कोणाच्याही घरी बाळंतपण असो, शेगडी लावायची ती नीलाबाईनंच. बाभळीचे कोळसे अंगणात फुंकून लालबुंद करायचे, धूर पार निघून गेला की मगच शेगडी बाजेखाली सरकवायची आणि बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून झरोक्यात गोधडी कोंबायची. दुसऱ्या बायांच्या धुरानं लेकरांचे डोळे लाल व्हायचे, हिच्या खोलीत धूर औषधालाही नसायचा. त्याचा बाईला भारी तोरा! दोन हजार एकच्या थंडीत तिची स्वतःची लेक शिला माहेरी बाळंत झाली, तेव्हा तर तिनं दाराची फटसुद्धा चिंध्यांनी बुजवली.

सकाळी ती पेज घेऊन आत गेली अन् हातातली वाटी गळून पडली. शिला बेशुद्ध, कुशीत लेकरू लुळं.

"अगं माय! शिले, ए शिले! ऊठ की गं!"

नीलाबाईचा नवरा भावसिंग धावत आला. दोघांना उचलून जीपमध्ये घातलं. आखाडा बाळापूरचा दवाखाना येईस्तोवर नीलाबाई देवाला शिव्या घालत होती.

तिथं डॉक्टर रेवतीबाईंनी मायलेकरांना ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळानं लेकरू रडलं, शिलानं डोळे उघडले.

"वाचले दोघं," रेवतीबाई म्हणाल्या. "खोलीत काय जळत होतं?"

"निखारे. पण धूर न्हाई हो बाई! जरासुदीक न्हाई!"

"धूर असता तर बरं झालं असतं. ती खोकली असती, तुम्ही दार उघडलं असतं. कोळसा जळायला हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती पुरत नाही, मग तो अर्धवट जळतो आणि विषारी वायू सोडतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात शिरून प्राणवायूची जागा बळकावतो. माणूस झोपल्या जागी जातं."

ज्या गोष्टीची शेखी मिरवली, तीच लेकीच्या जिवावर उठली होती! आणि मग तिला एकदम आठवलं. आज पहाटेच ती धर्मसिंगच्या घरी शेगडी लावून आली होती. त्याची सून निलम कालच बाळंत झाली होती. झरोक्यात पोतं कोंबलं, तेही नीलाबाईनंच.

ती पळत समोरच्या फोनच्या टपरीवर गेली. धर्मसिंगच्या दुकानात फोन होता.

"धर्मसिंग, निलमचं दार उघड! झरोका मोकळा कर, शेगडी भायेर काढ!"

"आवं, तुमीच तर सांगितलं, काही झालं तरी उघडू नका."

"मीच सांगितलं अन् मीच सांगून राहिले! पळ मेल्या!"

तो पळाला. रिसीव्हर कानाशी धरून ती उभी राहिली. किती वेळ गेला, तिला कळलं नाही.

"धड हायेत दोघं," धर्मसिंग धापा टाकत म्हणाला. "डोकं दुखायलं म्हणून निलमनं तवाच पोतं काढून दार उघडं टाकलं व्हतं. नीलामावशीला सांगू नका म्हणली, रागावतीन."

नीलाबाई दवाखान्यात परतली. शिलाच्या खाटेजवळ खाली बसली.

"शिले, तुझंबी डोकं दुखत व्हतं का?"

शिलानं होकारार्थी मान हलवली.

"मंग बोललीस काहून न्हाई गं?"

"माय," शिला क्षीण आवाजात म्हणाली, "दार उघडलं असतं तर तू मला बोलली असतीस."