लाखोळीचं पाणी

धीरज चालताना टाच टेकवत नाही, हे माझ्या लक्षात आलं ते संक्रांतीच्या सुमारास. सकाळी मी अंगण सारवून उठत होते आणि तो मैदानावरून धावून परत आला. ओल्या सारवणावर त्याचे पाय उमटले, पण नुसते चवडे. मागे काहीच नाही.

मी हसत म्हणाले, "काऊन रे, चोरावानी चालून राह्यला?"

"पिंडऱ्या भरल्या आई. धावणं वाढवलं ना."

दोन हजार एक सालची ही गोष्ट. उन्हाळ्यात पोलीस भरती निघणार अशी बातमी होती आणि समुद्रपूरच्या पलीकडच्या आमच्या गावची पाच-सहा पोरं रोज शाळेच्या मैदानावर धावत होती. धीरज त्यांच्यात सगळ्यांत पुढे. लहानपणापासून वाऱ्यासारखा पळणारा. पोळ्याच्या दिवशी सुटलेला बैल गावात कोणाला सापडला नाही, तर बायका म्हणायच्या, प्रभाकररावाच्या धीरजला बोलवा.

पंधरवड्यात त्याला ओसरीची पायरी उतरताना खांब धरावा लागायला लागला. उकिडवं बसता येईना. चालताना गुडघे एकमेकांना घासायचे आणि तो एका बाजूला झोक खाऊन स्वतःला सावरायचा. विचारलं की चिडायचा. यांनी, म्हणजे धीरजच्या बाबांनी, कुठून तरी तेल आणून दिलं. "नस धरली. चोळ दोन्ही टाइम," एवढंच म्हणाले.

मी तेल चोळायची, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मला नत्थूजी आठवत होते. माझं माहेर नदीपलीकडचं. मी परकर नेसत होते तेव्हाचा दुष्काळ मला अजून आठवतो. मजुरांना मजुरीत ज्वारी मिळत नव्हती, लाखोळी मिळत होती. लाखोळी म्हणजे कुऱ्हाडीच्या पात्यासारखा चपटा, करडा दाणा. भरडला की डाळ तुरीसारखी पिवळी दिसते. त्या वर्षी नत्थूजींच्या घरी सकाळी लाखोळीची भाकर आणि रात्री लाखोळीचंच वरण. ते आमच्याकडे नांगर धरायचे. एक दिवस मी त्यांच्या मागे न्याहारी घेऊन चालले होते, तर ते चवड्यांवर चालत होते. पुढच्या हंगामात त्यांच्या हातात एक काठी आली, मग दोन. नंतर ते आमच्या माहेरच्या चावडीपाशी बसल्या जागेवरून हातांनी सरकायचे. पायांवरून वारं गेलं, असं सगळे म्हणायचे. माझी आई काही म्हणायची नाही, पण त्यांच्यासाठी वाडग्यात घरचं तुरीचं वरण पाठवायची.

हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायचं तरी काय? आमच्या घरात लाखोळी सगळेच खात होते. मी खात होते, हे खात होते. लाखोळीचे वडे तर या भागात कोणाला आवडत नाहीत? कोणाच्या पायाला काही झालं नव्हतं. मग माझ्याच पोराला का व्हावं? असं स्वतःला समजावून मी पुन्हा तेल चोळायला बसायची.

लाखोळी विकायला पार आमच्या लहानपणापासून बंदी होती. तरी पिकत होती, आणि आमच्या दुकानाच्या मागच्या खोलीतून विकलीही जात होती. ती बंदी ठेवायची की उठवायची, यावर सरकारनं तज्ज्ञांची समिती नेमली होती. ते गावोगाव फिरून लोकांचे पाय तपासणार, काय खाता ते विचारणार, अहवाल लिहिणार आणि त्यावरून सरकार ठरवणार. फेब्रुवारीत ते आमच्या गावी येणार, असा निरोप आला. जेवण आमच्याकडे.

यांना आनंद झाला. बंदी उठली तर मागच्या खोलीतला माल उघडपणे पुढे मांडता येणार होता. पण आदल्या दिवशी मला आत बोलावून म्हणाले, "धीरज उद्या वावरात राहीन. कोणी त्याचं नाव काढाचं नाई."

"अहो, डॉक्टर घरी येऊन राह्यले. पाय दाखवून घेऊ ना."

"पायाले काय धाड भरली? उद्या डॉक्टरनं लंगडा म्हणून लिवलं, तं भरतीत कोणी उभा करन का त्याले? आठ-पंधरा दिवसांत मोकळा होते तो."

धीरज दारात उभा होता. मला म्हणाला, "आई, बाबा म्हणते तसं कर. मले भरतीले जाऊ दे." त्यानं चौकट इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती.

समितीची जीप सकाळी आली. प्रमुख डॉक्टर वयस्कर होते, ते पुरुषांबरोबर ओसरीवर बसले. त्यांच्याबरोबरच्या डॉक्टर ज्योत्स्नाबाई सरळ माझ्या स्वयंपाकघरात आल्या आणि पाट ओढून बसल्या. मदतीला शोभाबाई आणि कांता आल्या होत्या. दोघींची घरं जवळच, आणि शोभाबाईचा स्वप्निल, कांताचा नागसेन हे दोघंही धीरजबरोबर धावणारे. पाहुण्यांसाठी मी तुरीचं वरण लावलं होतं आणि हरभऱ्याच्या डाळीचे वडे तळत होते. लाखोळीचा डबा कणगीमागे लपवला होता.

"लाखोळी खाता का घरी?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"नाई बाप्पा," शोभाबाई म्हणाली. "आमच्याकडं तूरच. लाखोळी ढोरं खाते."

"कांताबाई, तुमच्याकडे?"

"आमच्याकडंबी तूरच."

ज्योत्स्नाबाई हसायला लागल्या. "बाहेर तुमचे मालक सांगतायत, घरोघरी खातात आणि सगळं गाव ठणठणीत आहे. आत कोणीच खात नाही. एका गावात दोन गावं आहेत की काय?"

कांतानं पदर तोंडाला लावला. मी कढईतच बघत राहिले.

"बरं, नका खाऊ. पण समजा जावई आला आणि लाखोळीचेच वडे पाहिजेत म्हणून हटून बसला. तर कसे कराल?"

झालं. शोभाबाईला राहवलं नाही. "वड्याले डाळ चांगली मुरली पायजे मॅडम. उकळतं पाणी टाकाचं, झाकून ठेवाचं, अन् ते पाणी फेकून द्याचं."

"दोनदा फेका लागते," कांता म्हणाली.

"एकदा पुरते."

"म्हणूनच तुह्या वड्याले कडवट वास येते!"

"खाताना तं पाच खाल्ले होते वो तू!"

आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले. कितीतरी दिवसांनी हसले होते.

"पाणी का फेकता पण?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"सासूनं सांगतलं म्हणून," शोभाबाई म्हणाली. "तिले तिच्या सासूनं."

"चांगलं सांगितलं. त्या दाण्यात पायांना मारणारं जे असतं, ते बरंचसं गरम पाण्यात उतरतं. म्हणून मी प्रत्येक गावात आधी चुलीपाशी येते. कोण किती खातं एवढंच विचारून अहवाल लिहिला तर तो अर्धा होईल." मग त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "ते पाणी कोणी पितं का? किंवा कच्ची भिजवून खातं?"

"फेकाचं पाणी कोण पेईन मॅडम?" शोभाबाई म्हणाली. "काहीबी विचारता तुमी!"

माझ्या हातातला झारा तसाच राहिला. वडे काळे व्हायला लागले.

धीरज पीत होता. दिवाळीपासून. भरती झालेल्या कोणा पोरानं या सगळ्यांना सांगितलं होतं की हरभरे भिजवून खा आणि वरचं पाणी पिऊन टाका, सगळी ताकद पाण्यात असते. धीरजनं हरभऱ्याच्या जागी लाखोळी घेतली, कारण लाखोळीचा भरडा खाणारा बैल चढावर गाडी ओढतो, हे प्रत्येकानं पाहिलेलं होतं. सकाळी मैदानावर जाण्याआधी तो गंजात, म्हणजे छोट्या पातेल्यात, रात्रभर भिजवलेली कच्ची लाखोळी खायचा, गंज तोंडाला लावून पाणी संपवायचा आणि हाताच्या पाठीनं मिशी पुसायचा. संध्याकाळी पुन्हा तेच. भाकरी अर्ध्यावर आली होती. मी ते बघत होते. पण मी वड्यांसाठी फेकते ते पाणी आणि त्याच्या गंजातलं पाणी एकच आहे, हे माझ्या डोक्यात कधी जुळलं नव्हतं. पाणी फेकायचं हे आमच्याकडे बायकांनी बायकांना सांगितलेलं. पुरुषांच्या पानात शिजलेली डाळ पडायची. त्यांना कोणी कशाला सांगेल?

"माहा पोरगा पेते," मी म्हणाले.

शोभाबाई माझ्याकडे बघतच राहिली. "वहिनी, काय बोलून राह्यल्या?"

ज्योत्स्नाबाई उठल्या. "कुठे आहे तो? चालतो कसा?"

मी झारा खाली ठेवला. मग मी पदर सावरला आणि चवड्यांवर दोन पावलं चालून दाखवली. त्यांचा चेहरा बदलला.

मी ओसरीवर गेले. एरवी परक्या पुरुषांसमोर मी अशी कधी गेले नव्हते. हे सांगत होते, "साहेब, या गावात एक लंगडा दाखवून द्या."

"धीरजले वावरातून बोलवा," मी म्हणाले.

यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "चहा आण."

"चहा मंग आणतो. आधी त्याले बोलवा."

"नस धरली साहेब पोराची," हे घाईघाईनं म्हणाले. "बाईमाणूस हाय, घाबरते."

"मग बघून घेऊ की," प्रमुख म्हणाले. त्यांनी जीप पाठवली.

धीरज उतरला तेव्हा ओसरीवरचे सगळे बोलायचे थांबले. इतके दिवस तो घरापासून मैदानापर्यंत मागच्या गल्लीनं, माणसं चुकवून जात होता. ज्योत्स्नाबाईंनी त्याला ओसरीच्या काठावर पाय सोडून बसवलं. गुडघ्याखाली रबरी हातोडी मारली, तर पाय केवढा तरी उडाला. मग त्यांनी त्याचं पाऊल हातात घेऊन झटक्यानं वर दाबून धरलं. पाऊल शिवणयंत्राच्या सुईसारखं थडथडायला लागलं. थांबेचना. धीरज स्वतःच्या पायाकडे दुसऱ्याचा असल्यासारखा बघत होता.

"मले धावता येईन का मॅडम?"

त्यांनी त्याचं पाऊल हळूच खाली सोडलं. "आजपासून बंद केलंस तर बहुतेक इथेच थांबेल. गेलेलं परत येईल असं मी तुला सांगणार नाही."

"भरती उन्हाळ्यात हाय."

"भरती नाही होणार, बाळा."

हे पुढे झाले. हात जोडले होते. आयुष्यात यांनी कोणासमोर हात जोडलेले मी पाहिले नव्हते. "मॅडम, लिवू नका. एका पोराचं काय घेऊन बसता? गावात बाकी कोणालेच काही नाई."

"नाव नाही लिहीत आम्ही. पण पाहिलेलं न लिहून कसं चालेल? एक पोरगा का असेना, कशानं झालं ते आम्ही लिहिलं नाही तर वर बसलेल्यांना कळणार कुठून?"

"लिवा," धीरज म्हणाला.

"धीरज!"

"लिवू द्या बाबा. अन् मॅडम, मैदानावर चला. मी एकटाच नाई पेत."

कांताच्या हातातला तांब्या खाली पडला.

पुढे तो अहवाल सरकारकडे गेला. ज्योत्स्नाबाई नंतर एकदा आल्या तेव्हा त्यांनी त्यातलं आमच्या गावचं मला वाचून दाखवलं. कसरत करणारी तरुण मुलं कच्ची लाखोळी पाण्यासकट घेतात, असं त्यात होतं. बंदी ठेवा की उठवा, लाखोळी कशी खायची आणि कशी खायची नाही हे घराघरात, आणि पुरुषांनाही सांगितल्याशिवाय काही करू नका, असं लिहिलं होतं. सरकारात काय काय वाद झाले ते मला कळत नाही. हे त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण मागची खोली त्यांनी स्वतः रिकामी केली.

मला आठवतं ते समिती आली त्या दिवशीचं, दुपार उतरतानाचं मैदान. धीरज जीपमध्ये बसला नाही. मोठ्या रस्त्यानं, दुकानांवरून, देवळावरून, सगळ्यांच्या देखत चालत निघाला. गुडघे घासत होते, अंग झोक खात होतं. मी मागून चालले होते. त्याचा दंड धरावासा वाटत होता, पण धरला नाही. पारावरच्या एकानं विचारलं, "काय बे धीरज, नाचून राह्यला का?" कोणी हसलं नाही.

पोरं शाळेच्या कट्ट्यावर रांगेत बसली. आया समोर उभ्या राहिल्या. नागसेनचा पाय हातोडीनं एकदा उडाला आणि शांत झाला. पाऊलही स्थिर राहिलं. "मी हरभरेच खातो. मले लाखोळी पचत नाई," तो म्हणाला. कांता तिथेच मातीत बसली.

मग स्वप्निल. ज्योत्स्नाबाईंनी त्याचं पाऊल वर दाबलं. ते थडथडलं, थोडा वेळ थडथडलं, आणि थांबलं. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तसंच.

"काय झालं मॅडम?" शोभाबाई पुढे सरसावली. "पाय काऊन हालून राह्यला त्याचा? मॅडम?"

मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"लवकर सापडलास तू," ज्योत्स्नाबाई स्वप्निलला म्हणाल्या. "फार लवकर. आज सोडलंस तर तुझं काही बिघडणार नाही, असं मला वाटतं."

शोभाबाई रडायला लागली. स्वप्निल मात्र धीरजकडे बघत होता.

धीरज कट्ट्याला टेकून उभा होता. "आजपासून त्या गंजाले हात लावू नोको," तो म्हणाला. "अन् उद्या सकाळी हळू धावजो. मी येतो पाहाले."