दारासमोरचा कुमार

पूर्वेकडची भिंत गुडघ्याइतकी वर आली होती. भूकंपाने भुईसपाट झालेल्या हेरामाया सुवालांच्या घराच्या जागी, भक्तपुरातल्या त्या अरुंद गल्लीत, सरळ उभी असलेली ती पहिलीच भिंत. जनकपूरहून महाविद्यालयाच्या तुकडीबरोबर श्रमदानाला आलेला विभूती कर्ण, माणसांत कायम अवघडणारा अबोल मुलगा, तिच्याकडे पुन्हा पुन्हा पाहत असे. त्याची अन् त्याच्या स्वतःच्या हातांची ओळख या गल्लीतच झाली होती.

सोमवारी सकाळी हेरामाया आल्या; सगळी तुकडी त्यांना ‘आमा’, म्हणजे आई, म्हणे. चार दिवस त्या तापाने पत्र्याच्या निवाऱ्यातच पडून होत्या. फुलांची थाळी घेऊन त्या दाराच्या जागेसमोर वाकल्या आणि वाकलेल्याच राहिल्या. मग थाळी बाजूला ठेवून तळहाताने माती चाचपू लागल्या.

“तुलसी, माझा कुमार कुठंय?”

गावी जेवणावळीला गेलेला गवंडी तुलसी, सगळ्यांचा ‘दाइ’ म्हणजे थोरला भाऊ, त्याच सकाळी परतला होता. त्याच्या हातातली करणी थांबली. कुमार म्हणजे दारासमोर गल्लीत रोवलेला सपाट दगड, घराचा राखणदार देव. नवी सून तिथे थांबते, तिथूनच तिला आत घेतात. घरातले प्रेतही तिथूनच निरोप घेते. मार्गशीर्षात हेरामायांचा धाकटा मुलगा लग्न करून येणार होता. छप्पर नसले तरी चालेल, त्या पुटपुटत होत्या, पण सुनेला आत घ्यायचे तरी कुठून?

कोणी म्हणाले, ढिगाऱ्याबरोबर ट्रॅक्टरमध्ये गेला असेल. कोणी नवा दगड सुचवला. हेरामायांनी नुसती नकारार्थी मान हलवली.

विभूतीच्या हातातले घमेले एकाएकी जड झाले. शुक्रवारी पायाच्या कोपऱ्याला एक सपाट दगड कमी पडत होता. धुळीने माखलेल्या त्या दगडावर चार तांदूळ होते. कोणी चिमण्यांना टाकले असतील असे वाटून त्याने ते फुंकरीने उडवले होते आणि दगड छातीशी धरून खड्ड्यात नेऊन बसवला होता. कोणाचेच लक्ष नव्हते. ट्रॅक्टरवर आळ आलाच होता. आता फक्त गप्प राहायचे होते, आणि गप्प राहणे त्याला जन्मापासून येत होते. पण मातीवरून फिरणारा तो सुरकुतलेला हात थांबत नव्हता.

“आमा,” तो म्हणाला, आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. “मी नेला. त्या कोपऱ्याखाली आहे.”

भिंत आपणच उतरवतो, असे तो घाईघाईने सांगू लागला, तशी तुलसीदाइने त्याला अडवले.

“तू एकटा उतरवायला लागलास, तर उरलेलीही बसेल खाली. देवाला पायात गाडून वर विटा रचणारा कारागीर आमच्या गल्लीला पहिल्यांदाच लाभला.”

हेरामाया त्याच्याकडे निरखून पाहत होत्या. “एकट्यानं उचललास?”

“हो.”

“माझ्या सासऱ्यांनी तो रोवला, तेव्हा तिघं लागले होते.” त्यांच्या ओठांच्या कडेला किंचित हसू आले.

जोडकाम मातीचे होते. सगळे मिळून कोपऱ्याला लागले, तशा विटा न फुटता सुट्या झाल्या. दुपार कलता कलता दगड वर निघाला. तुलसीदाइने तो जुन्या जागी रोवला, हेरामायांनी धुतला, फुले वाहिली, आणि विभूतीला हातातले फावडे ठेवून तिथे उभे राहायला सांगितले. मग कमरेच्या पटक्यातून त्यांनी एक लांब लोखंडी किल्ली काढली. तिचे कुलूप आणि दार कधीच मातीत गेले होते. दगडाशी पाण्याची धार सोडून त्यांनी किल्लीचे दुसरे टोक पुढे केले.

“धर.”

त्याने गोंधळून तुलसीदाइकडे पाहिले.

“सुनेला असंच आत नेतात,” तुलसीदाइ म्हणाला. “लाजू नकोस बाबू, ठेवून नाही घेणार तुला.”

त्याने टोक धरले. पुढे आमा, मागे तो. नसलेल्या दारातून, नसलेल्या छपराखाली त्या त्याला घेऊन गेल्या. वर नुसते आकाश होते, तरीही आत पाऊल टाकताना त्याने नकळत मान वाकवली.

मग तो बाहेर आला आणि विटा गोळा करू लागला. कोपरा पुन्हा रचायचा होता.