टाकीच्या आडोशाची गवार

गवार कटकन मोडली की वाळली म्हणायची. कालिंदीताईंनी दुपारी एक शेंग मोडून पाहिली, तर ती नुसतीच वाकली. अजून थोडं ऊन हवं होतं, आणि हातात आजचंच ऊन होतं. रात्रीच्या बसनं मुलगा चिन्मय मुंबईला निघणार, तिथून जर्मनीला, बहिणीकडं, स्वरालीकडं. ओलसर शेंग पिशवीत बांधली तर पोचेपर्यंत बुरशी.

स्वरालीनं स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं, कालिंदीताई लग्नाला गेल्या नाहीत. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद. आणि गेल्या आठवड्यात चिन्मयच्या फोनवर निरोप आला, ‘आईला म्हणावं, वाळलेली गवार पाठव.’ इतक्या दिवसांत लेकीनं मागितलेली ही पहिली गोष्ट.

वारा सुटला, गवारीखालची चादर फडफडायला लागली, तशी त्यांनी गवार पसरलेली बाज ओढत गच्चीवरच्या टाकीच्या आडोशाला नेली. टाकी भरली की पाणी थांबवणारा बॉल कधीचा बिघडलेला. मग ती धो धो वाहायची. पण नळाला पाणी परवा यायचं होतं.

"पाणी आलं!" खालून कुणीतरी ओरडलं.

उस्मानपुऱ्यात हे दोन शब्द ऐकून माणूस जेवणावरूनसुद्धा उठतं. कुणी मोटर लावली, कुणी पाइप ओढला. कालिंदीताईंनी पिंप भरलं, बादल्या भरल्या, कुकरही सोडला नाही. तांब्या नळाखाली धरला असतानाच जिन्यातून शेजारच्या साळूबाईंची हाक आली.

"ओ ताई, पळा! टाकी वाहायलीय! तुमची गवार!"

तांब्या तिथंच पडला. कालिंदीताई जिना चढायला लागल्या. गुडघे नाही म्हणत होते, वरून पाण्याचा आवाज येत होता. "मोटर बंद करा रे!" पण पाण्याच्या दिवशी मोटर बंद करायला कोण ऐकतंय!

गच्चीवर बाजेवर धार पडत होती. वाळत आलेल्या शेंगा चिंब होऊन चादरीत तरंगत होत्या.

साळूबाई मागून धापा टाकत आल्या. "माझ्याकडं हाय की वाळलेली. लई हाय. द्या बांधून."

"ती ओळखेल."

"सातासमुद्रापार? गवारीला काय नाव लिहिलेलं असतंय व्हय?"

"मी वाळवायच्या आधी हिंगाच्या पाण्यात उकडते. एका घासात ओळखेल. म्हणेल, आईनं मेहनत पण दुसऱ्याचीच पाठवली."

साळूबाई बाजेवर वाकल्या. ओल्या शेंगा पिळून परातीत टाकायला लागल्या.

कालिंदीताईंनी पदराला हात पुसले. चिन्मयला हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. दर वेळी त्यालाच पुढं करायचं? कंबरेचा फोन काढून त्यांनी स्वतःच स्वरालीचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. कापावा का, असं मनात आलं तेवढ्यात पलीकडून आवाज आला.

"आई?"

"गवार भिजली गं. टाकी वाहिली. मीच बाज तिथं ठेवली होती. आता नाही पाठवता येत."

 कालिंदीताईंनी डोळे मिटून घेतले.

"पण पिंप भरलं ना?" स्वरालीनं विचारलं.